सोळा घरं, प्रत्येकी सहा ओळखी

नागपुरात आमची बिल्डिंग प्रतापनगरच्या आतल्या गल्लीत आहे. खाली पार्किंग, वर चार मजले, प्रत्येक मजल्यावर चार फ्लॅट. १०१ पासून ४०४ पर्यंत एकूण सोळा घरं. लहानपणी मला वाटायचं की कोणाची कोणाशी ओळख व्हावी याला काही नियम नसतो. आता वाटतं, आमच्या बिल्डिंगपुरता तरी नियम अगदी साधा होता. पहिली गोष्ट मजला. एका मजल्यावरच्या चार घरांची दारं एकाच चौकोनी पॅसेजमध्ये उघडतात, त्यामुळे साखरेची वाटी, पेपर, किल्ली, कुरिअर हे सगळं त्या चौघांत फिरतं. दुसरी गोष्ट पाइप. १०२, २०२, ३०२ आणि ४०२ यांची बाथरूमं एकावर एक आहेत. वर कोणी बादली उपडी केली की खालच्या छतावर ओल उमटते. ओलीतून होणारी ओळख साखरेच्या ओळखीइतकी गोड नसते, पण टिकते.

आम्ही ३०२. म्हणजे मजल्यावरच्या ३०१, ३०३, ३०४ शी आमची ओळख, आणि पाइपमुळे १०२, २०२, ४०२ शी. एकूण सहा. बाकीच्या नऊ घरांतल्या लोकांना जिन्यात बघून मान हलवायची, एवढंच.

हे मी कधी मोजलं नव्हतं. मोजायची वेळ आली ती एका तक्रारीमुळे.

मी पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमचं ॲप छोटी कर्जं देतं, दहा-वीस हजारांची, आणि ॲपमधूनच लोक एकमेकांना पैसेही पाठवतात. अशा धंद्यात एक फसवणूक नेहमीची असते. कोणीतरी दहा-बारा खाती उघडतं आणि त्यांच्यात आपापसांत पैसे फिरवत राहतं. याचे त्याला, त्याचे तिला, तिचे परत याला. लांबून बघणाऱ्याला वाटतं की व्यवहार जोरात चाललाय. ॲप खूश होऊन कर्जाची मर्यादा वाढवतं, आणि एके दिवशी सगळी खाती रिकामी करून मंडळी पसार होतात.

अशा टोळ्या ओळखायचं काम माझ्याकडे आलं. मी एक मॉड्यूल लिहिलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘ठसा’. प्रत्येक खातं म्हणजे एक बिंदू. दोन खात्यांत व्यवहार झाले असतील तर त्या दोन बिंदूंमध्ये एक रेघ. गणितात या बिंदू-रेघांच्या जाळ्याला ग्राफ म्हणतात. शाळेत आलेखवहीवर काढायचो तो ग्राफ वेगळा. मग प्रत्येक बिंदूला एक रंग द्यायचा, त्यातून किती रेघा निघतात त्यावरून. पुढच्या फेरीत प्रत्येक बिंदूने आपल्या शेजाऱ्यांचे रंग बघायचे आणि त्यावरून स्वतःचा नवा रंग ठरवायचा. पुन्हा तेच, पुन्हा तेच. नवे गट पडायचे थांबले की कुठल्या रंगाचे किती बिंदू ते लिहून काढायचं. हा त्या गटाचा ठसा. पकडलेल्या टोळ्यांचे ठसे आमच्याकडे होतेच. नव्या गटाचा ठसा जुळला की खाती गोठवायची.

कल्पना माझी नव्हती. या पद्धतीला आणि तिच्या मोठ्या भावंडांना वाइसफाइलर आणि लेमान या दोन सोव्हिएत गणितज्ञांची नावं आहेत, त्यांचा पेपर १९६८ चा. (बोरिस वाइसफाइलर पुढे अमेरिकेत स्थायिक झाले. जानेवारी १९८५ मध्ये ते एकटेच चिलीत पायी भटकायला गेले आणि तिथून नाहीसे झाले. कामाच्या वेळात विकिपीडिया वाचत बसण्याचे हे तोटे. त्या दिवशी मी दुसरं काही केलं नाही.) आजकाल ग्राफवर चालणारी जी न्यूरल नेटवर्क्स आहेत, त्यातली साधी नेटवर्क्सही मुळात हेच करतात. शेजाऱ्यांकडे बघ, स्वतःला बदल, परत बघ. ठसा वेगाने चालायचा. डेमोला लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी आईला फोन करून सांगितलं की मी चोर पकडायचं मशीन बनवलंय.

साधारण दीड महिन्याने एक टिकीट माझ्याकडे आलं. सपोर्टच्या टेबलांवरून फिरत फिरत यायला त्याला नऊ दिवस लागले होते. एका बाईने लिहिलं होतं: ‘आमच्या भिशीचे पैसे अडकले आहेत. या महिन्यात माझा नंबर होता. मुलीची फी भरायची आहे. आम्ही काय केलं ते सांगा.’

मी डेटा उघडला. बारा खाती, सगळी गोठवलेली. त्या एकाच वस्तीतल्या सहा-सहा जणींच्या दोन भिशी होत्या. काही जणींची खाती एकाच फोनवरून उघडलेली, म्हणून आमच्या सिस्टीमने बाराजणींना एकच गट धरलं होतं. भिशी म्हणजे काय, तर दर महिन्याला पाचजणी सहावीला पैसे देतात. सहा महिन्यांत फेरा पुरा होतो आणि प्रत्येकीचा बाकी पाचही जणींशी व्यवहार झालेला असतो. म्हणजे बारा बिंदू, प्रत्येकातून पाच रेघा. आणि आमच्या यादीत एक पकडलेली टोळी होती. तिच्यातही बारा खाती, प्रत्येकाचे पाच जणांशी व्यवहार. तिथे पैसे भलतीकडूनच फिरत होते, बाराही खाती एकमेकांत गुंतलेली होती, कुठेही सहा-सहाचे दोन तुकडे नव्हते. माणसाने कागदावर काढून बघितलं असतं तर एका नजरेत फरक दिसला असता. ठशाला दिसला नाही.

का दिसला नाही, ते समजायला मला पाच मिनिटं लागली आणि त्या पाच मिनिटांत कान गरम झाले. पहिल्या फेरीत प्रत्येक बिंदूतून पाच रेघा, म्हणून सगळ्यांचा एकच रंग. दुसऱ्या फेरीत प्रत्येक जण बघतो, आपले पाचही शेजारी आपल्याच रंगाचे. रंग बदलायचं कारणच नाही. तिसऱ्या, शंभराव्या फेरीतही नाही. ज्या ग्राफमध्ये प्रत्येक बिंदूतून सारख्याच रेघा निघतात त्याला रेग्युलर ग्राफ म्हणतात, मराठी पुस्तकात नियमित. बिंदू तेवढेच आणि प्रत्येकाच्या रेघा तेवढ्याच असले की असे सगळे ग्राफ माझ्या पद्धतीला एकसारखेच. हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात पहिल्या पानावर सापडेल. मी इंजिनिअरिंगला डिस्क्रीट मॅथ्समध्ये रेग्युलर ग्राफची व्याख्या दोन मार्कांसाठी पाठ केली होती. दोन्ही मार्क मिळाले होते.

पण मला जास्त बोचलं ते वेगळंच. भिशी रेग्युलर असते ती योगायोगाने नाही. तिचा सगळा जीवच त्यात आहे. कोणी हप्ता कमी भरत नाही, कोणाला उचल जास्त मिळत नाही, कोणी मालक नाही, कोणी नोकर नाही. बँकेत एक मॅनेजर असतो आणि बाकीचे रांगेत, त्याचा ग्राफ काढला तर मॅनेजरचा बिंदू लगेच वेगळा उठून दिसेल. भिशीत कोणीच उठून दिसत नाही, तशीच ती आखलेली असते. माझं मशीन नेमकं तिथेच आंधळं होतं.

खाती त्याच दुपारी मोकळी केली. फीची मुदत चार दिवसांपूर्वी संपली होती. लेट फी किती बसली, कोणी भरली, ते टिकिटात नाही.

दोन आठवड्यांत मी ठशाची दुसरी आवृत्ती लिहिली. आता एकेका बिंदूऐवजी जोड्या बघायच्या. कुठलीही दोन खाती घ्या. त्यांच्यात रेघ आहे का, आणि दोघांचे सामाईक शेजारी किती. भिशीत व्यवहार असलेल्या दोघींच्या सामाईक शेजारणी चार, वेगवेगळ्या भिशीतल्या दोघींमध्ये शून्य. टोळीचे आकडे वेगळे. ठसा आता दोघांना बरोबर वेगळं करत होता. शुक्रवारी लाइव्ह करायचं ठरलं.

गुरुवारी संध्याकाळी माझ्या सीनिअरने कोड वाचून एका ओळीची कमेंट टाकली: ‘श्रीखंडेवर चालवून बघितलंस?’

ती चेन्नईची. मी तिच्या टेबलापाशी जाऊन विचारलं, हे काय असतं. ती म्हणाली, ‘तुमच्याकडचाच माणूस आहे ना? ग्राफचा कोड लिहिणारे सगळे ही टेस्ट लावतात.’ मी ओळखत असल्यासारखी मान हलवली आणि जागेवर येऊन शोधलं. शोधपट्टीने आधी मला श्रीखंडाच्या रेसिपी दाखवल्या.

शरच्चंद्र शंकर श्रीखंडे. जन्म १९ ऑक्टोबर १९१७, मध्य प्रदेशातलं सागर. शिक्षण नागपूरच्या विज्ञान महाविद्यालयात. कोलकात्याला इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना राज चंद्र बोस भेटले आणि त्यांच्याच हाताखाली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात १९५० साली त्यांनी पीएचडी केली. पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख. २१ एप्रिल २०२० रोजी विजयवाड्यात वारले, वय १०२. तेव्हा लॉकडाउन होता आणि मी नागपुरात ३०२ च्या गॅलरीत लॅपटॉप घेऊन बसलेलो असणार. नाव तेव्हा माझ्या कानावर पडलं असेल तरी लक्षात राहिलं नाही.

गणिताच्या बाहेर ते ज्या गोष्टीसाठी माहीत आहेत ती ऑयलरची. ऑयलरने १७८२ मध्ये एक अंदाज मांडला होता. ६, १०, १४ अशा, चारने भागल्यावर दोन उरणाऱ्या आकाराच्या लॅटिन चौकटींची एक विशिष्ट प्रकारची जोडी कधीच बनणार नाही, असा. सहाच्या बाबतीत तो खरा निघाला. बाकी सगळीकडे बोस, श्रीखंडे आणि ई. टी. पार्कर यांनी तो खोटा ठरवला आणि २६ एप्रिल १९५९ च्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर ती बातमी आली. याबद्दल बरंच लिहिलेलं सापडतं. मला त्या रात्री हवा होता तो त्याच वर्षीचा दुसरा पेपर, ज्याच्याबद्दल वर्तमानपत्रात छापून येण्यासारखं काही नव्हतं.

तो समजायला मला आमची बिल्डिंग कामी आली.

सोळा घरं, प्रत्येकाच्या सहा ओळखी. आता ओळख असलेली कुठलीही दोन घरं घ्या, समजा ३०२ आणि ३०३. दोघांच्या सामाईक ओळखीचे किती? ३०१ आणि ३०४. दोन. ३०२ आणि १०२ घेतले तर २०२ आणि ४०२. परत दोनच. आता ओळख नसलेली दोन घरं घ्या, आम्ही आणि १०१. आम्हा दोघांना ओळखणारे कोण? आमच्या मजल्यावरचे आणि त्यांच्या पाइपवरचे ३०१, आणि आमच्या पाइपवरचे आणि त्यांच्या मजल्यावरचे १०२. इथेही दोन. कुठलीही अनोळखी जोडी घ्या, मध्ये नेमके दोन ओळखीचे. आई १०१ च्या घरी काही निरोप पाठवायचा तर तो नेहमी दोनच मार्गांनी जायचा, आणि दोन्ही मार्गांवर तो थोडा बदलून पोहोचायचा, हे आता लक्षात येतं.

प्रत्येकाच्या ओळखी सारख्या, ओळख असलेल्या प्रत्येक जोडीचे सामाईक शेजारी सारखे, आणि ओळख नसलेल्या प्रत्येक जोडीचेही सारखे. अशा ग्राफला स्ट्राँगली रेग्युलर म्हणतात. हे नाव बोस यांनी १९६३ च्या एका पेपरात दिलं. याचं मूळ संगणकात नाही, शेतात आहे. बियाण्यांचे पुष्कळ वाण तपासायचे असतात, जमिनीचे तुकडे छोटे असतात, प्रत्येक वाण प्रत्येक वाणाशेजारी लावणं परवडत नाही. मग कुठला वाण कुठल्यासोबत कितीदा यावा म्हणजे तुलना निष्पक्ष होईल, या आखणीतून कोलकात्याच्या संख्याशास्त्रज्ञांना हे जाळं सापडत गेलं.

आकडे कसेही घेऊन चालत नाहीत. आमच्या घरातून मोजा. आमचे सहा ओळखीचे. त्यातल्या प्रत्येकाच्या सहा ओळखींमधून एक आम्ही आणि दोन सामाईक वजा केले तर तीन उरतात, जे आम्हाला अनोळखी. सहा त्रिक अठरा धागे बाहेर जातात. पलीकडे अनोळखी घरं नऊ, प्रत्येकाला आमच्याकडून दोन धागे. नऊ दुणे अठरा. जुळलं. हा हिशेब जुळला नाही तर तसा ग्राफ असूच शकत नाही. जुळला तर असतोच असंही नाही. ३,२५० बिंदू, प्रत्येकाचे ५७ शेजारी, शेजाऱ्यांत सामाईक कोणी नाही, अनोळखी दोघांत नेमका एक सामाईक. हॉफमन आणि सिंगलटन यांनी १९६० मध्ये दाखवलं की हे आकडे सगळ्या चाळण्यांतून पार पडतात. असा ग्राफ खरंच आहे की नाही हे आजपर्यंत कोणालाही ठरवता आलेलं नाही.

आता श्रीखंड्यांचा प्रश्न. समजा कोणी मला फक्त आकडे सांगितले: सोळा घरं, सहा ओळखी, दोन, दोन. एवढ्यावरून ती बिल्डिंग आमचीच, असं म्हणता येईल का? पाच मजले आणि पाच फ्लॅटची बिल्डिंग घेतली तर म्हणता येतं. पंचवीस घरं, आठ ओळखी, तीन, दोन, हे आकडे त्या एकाच बिल्डिंगचे असतात. सहा मजल्यांचीही तशीच, सत्तर मजल्यांचीही. श्रीखंड्यांनी १९५९ मध्ये सिद्ध केलं की जितके मजले तितकेच फ्लॅट असलेल्या प्रत्येक बिल्डिंगला आकडेच पुरतात, फक्त चार सोडून. चारला आणखी एक बिल्डिंग आहे. आकडे हुबेहूब तेच, पण आमची नव्हे. पेपरच्या शीर्षकात शब्द आहे ‘एकमेवता’, आणि पेपर लक्षात राहिला तो एकमेवता जिथे मोडते त्या एका जागेसाठी. त्या दुसऱ्या बिल्डिंगला आज श्रीखंडे ग्राफ म्हणतात.

ती बांधायची अशी. चार बाय चारची चौकट घ्या. प्रत्येक घराची ओळख डावीकडच्याशी, उजवीकडच्याशी, वरच्याशी, खालच्याशी. शिवाय तिरप्या दिशेला, उजवीकडे वर आणि डावीकडे खाली. झाले सहा. कडेला पोहोचलात तर पलीकडच्या कडेने परत आत यायचं. चौथ्या मजल्याच्या वर पहिला मजला, शेवटच्या फ्लॅटच्या उजवीकडे पहिला फ्लॅट. अशी बिल्डिंग प्रतापनगरात उभी राहणार नाही, ती मेदूवड्यावर बांधावी लागते. पण सामाईक ओळखी मोजत बसा, सगळीकडे दोन आणि दोनच येतात. मी वहीत सगळ्या जोड्या मोजल्या. रात्रीचा दीड वाजला होता आणि मला अजून वाटत होतं की कुठेतरी मोजायला चुकतंय.

मग मी आकडे सोडले आणि एका घरात शिरून बघितलं. आमच्या बिल्डिंगीत आमचे जे सहा ओळखीचे, ते आपापसांत कसे? मजल्यावरचे तिघं एकमेकांना ओळखतात. पाइपवरचे तिघं एकमेकांना ओळखतात. या दोन त्रिकुटांचा एकमेकांशी संबंध नाही. दोन त्रिकोण. मेदूवड्याच्या बिल्डिंगीत मात्र सहा जण गोल रिंगणात उभे असतात, प्रत्येक जण फक्त आपल्या दोन बाजूंच्यांना ओळखतो. एक षटकोन. दोन्हीकडे सहा माणसं, प्रत्येकाच्या आपापसांत दोन ओळखी. मोजणाऱ्याला फरक नाही, बघणाऱ्याला आहे.

आणि त्यातून एक गोष्ट निघते जी वाचून मी पेन खाली ठेवलं. आमच्या बिल्डिंगीत असे चौघं सापडतात जे सगळेच एकमेकांना ओळखतात. चार मजल्यांचे चार चौकडे, चार पाइपांचे चार, एकूण आठ. श्रीखंड्यांच्या बिल्डिंगीत असा एकही चौकडा नाही. प्रत्येकाच्या तेवढ्याच ओळखी, तेवढेच सामाईक शेजारी, पण तिथे चौघीजणी कधी एका चटईवर बसून चहा पिणार नाहीत, कारण कुठल्याही चौघींमध्ये कोणीतरी दोघी अनोळखी असणारच. त्या बिल्डिंगीत चौघींची भिशी लागूच शकत नाही.

ठशाची दुसरी आवृत्ती मी दोन्हींवर चालवली. दोन्हींचा ठसा शेवटच्या अक्षरापर्यंत सारखा आला.

शुक्रवारी मी मॅनेजरला सांगितलं की लाइव्ह करू नका. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, आणि त्याचं म्हणणं अगदीच चूक होतं असं नाही. तो म्हणाला, ‘गणितातलं एक उदाहरण आहे. खऱ्या डेटात इतकं सारखेपण कुठे येणार? आणि फक्त चारलाच घडतं म्हणतोस ना?’ मी म्हणालो, चारला घडतं ते त्या बिल्डिंगच्या कुटुंबात. दुसरीकडे बघा. ३६ बिंदू, प्रत्येकाचे १५ शेजारी, ओळखीत सामाईक सहा, अनोळखीत सामाईक सहा. या एकाच आकड्यांचे वेगवेगळे ग्राफ ३२,५४८ आहेत, मोजलेले आहेत. तो म्हणाला, ‘तेही गणितातच.’ त्यावर माझ्याकडे एकच उत्तर होतं. पहिल्या वेळीही आपण हेच म्हणालो असतो, आणि भिशी तर गणितातली नव्हती.

मग ठशाने आणखी खोलात बघावं, चौकडे मोजावे? ते मी जोडलं. श्रीखंडे टेस्ट पास झाली, सीनिअरने अंगठा दाखवला. पण एव्हाना माझा मोजण्यावरचा विश्वास जरा हलला होता, आणि त्यालाही गणितात नाव आहे. काय, फ्युरर आणि इमरमन यांनी १९९२ मध्ये दाखवून दिलं की जोड्यांऐवजी त्रिकुटं बघा, चौकडे बघा, कितीचेही गट बघायचे ते आधी ठरवा. त्या पातळीलाही फसवणारी दोन वेगवेगळ्या ग्राफांची जोडी बांधता येते. तुम्ही एक पायरी वर चढलात की फसवणारी जोडी तुमच्याही वर बांधता येते.

शेवटी जो बदल झाला तो कोडमध्ये दोन ओळींचा होता. ठसा जुळला तर खातं गोठवायचं नाही. सपोर्टमधल्या माणसाच्या यादीत टाकायचं, त्याने फोन करून विचारायचं. खर्च वाढला, हे मॅनेजरने तिमाहीच्या मीटिंगमध्ये माझ्या नावासकट सांगितलं. मी कधी कधी त्या फोन करणाऱ्यांच्या शेजारी जाऊन बसतो. पहिलाच प्रश्न ते असा विचारतात: ‘ताई, हे बाकीचे नंबर कोणाचे आहेत?’ आणि पलीकडून उत्तर यायला लागतं, ही माझी जाऊ, ही समोरची, हिच्या मुलाच्या ट्यूशनला माझी मुलगी जाते. टोळीवाला बहुतेक वेळा फोन कट करतो. काही वेळा तोही छान बोलतो, आणि मग आम्ही फसतो.

दिवाळीत नागपूरला गेलो तेव्हा आईला हे सगळं सांगितलं, फीची गोष्ट धरून. ती चकलीचं पीठ मळत होती. ‘चोर पकडायचं मशीन म्हणे,’ ती म्हणाली, आणि थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग मी वहीतलं चित्र दाखवलं, सोळा बिंदू, आपली बिल्डिंग, बघ प्रत्येकाच्या कशा सहा ओळखी.

तिने चष्मा कपाळावर सरकवून बघितलं. ‘हे कोण म्हणते तुला?’ पिठाचं बोट तिने १०२ आणि २०२ यांच्यामधल्या रेघेवर ठेवलं. ‘लीकेजवरून भांडले ते. तीन वर्षं झाली, तोंड पाहत नाहीत एकमेकांचं. ही काढ. आणि ४०४ वाली आपल्या भिशीत आहे, तिची माझी रेघ कुठे आहे? ३०३ तर रिकामाच पडून राहिला, पोरानं आईबापाला बंगलोरला नेलं.’

मी खोडरबर शोधला, सापडला नाही, म्हणून पेनानेच खाडाखोड केली. ती एकेक सांगत गेली, मी रेघा ओढत आणि खोडत गेलो. अर्ध्या तासात चित्राचा पार चुथडा झाला. आमच्या बिंदूतून अकरा रेघा निघत होत्या, ३०३ मधून एकही नाही, आणि १०१ च्या आजींकडे, ज्यांना मी फक्त मान हलवायचो, चौदा रेघा जात होत्या, कारण बिल्डिंगमधल्या जवळजवळ प्रत्येक बाळाला मालिश त्यांनीच केली होती.

‘झालं?’ आई म्हणाली. ‘आता माझ्या फोनवरून या महिन्याचे भिशीचे पैसे टाक. तिसऱ्या माळ्यावरच्या काकूंचा नंबर आहे.’

मी ॲप उघडलं. आमच्या कंपनीचं नव्हतं.